मुलगी पाचवीत जाणार, कुठे घालू? (सिन्नर / नाशिक)

मोहदरीकर (९ मार्च, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मुलगी गावच्या झेडपी शाळेत चौथीला आहे. गाव सिन्नरपासून ११ किमी, मी मुसळगाव एमआयडीसीत फिटर. शाळा सातवीपर्यंत आहे पण चौथी झाली की लोक पोरं काढतात, यंदा चौथीत १७ आहेत त्यातली ८-९ राहतील असं गुरुजीच म्हणाले. घरात महिनाभर हाच विषय चाललाय, जेवताना तोच, झोपताना तोच.

पर्याय असे की सिन्नरचं एक जुनं अनुदानित हायस्कूल आहे, पाचवीपासून सेमी. दुसरं हायवेला नवीन इंग्लिश स्कूल झालंय, ३८ हजार फी आणि बसचे वेगळे, पिवळी बस पार आमच्या देवळापर्यंत येते. आणि तिसरं म्हणजे आहे तिथेच ठेवायची. बायको म्हणते इंग्लिश स्कूल, कारण शेजारच्यांच्या दोन्ही पोरी जातात. आमची आई म्हणते मी विड्या वळून तुम्हाला झेडपीतच शिकवलं, काय बिघडलं. आणि मी मधे. खरं सांगायचं तर माझं मन पण इंग्लिशकडेच जातं, कारण कंपनीत दोनदा सुपरवायझरचा चान्स आला आणि दोन्ही वेळा ऑडिटवाल्यांसमोर माझी दातखीळ बसली. पोरीचं तसं व्हायला नको.

पोरगी हुशार आहे म्हणजे बापाला वाटते तेवढी. खो-खो खेळते. जाणकारांनी सांगा.

उनाडपप्पू

पहिला! मी नगरपालिकेच्या शाळेत शिकलो, आज पुण्यात आयटीत आहे, काही फरक पडत नाही शाळेने. पोरगं हुशार असलं की कुठेही चमकतं.

गोदाकाठची

@उनाडपप्पू भाऊ तुम्ही चमकलात हे छानच झालं, पण तुमच्या वर्गातले बाकीचे ४५ जण आज काय करतात तेही सांगा ना. दर वेळी धागा निघाला की एक चमकलेला येऊन सांगतो फरक पडत नाही म्हणून.

चिंगीची आई (१० मार्च)

मोहदरीकर दादा, त्या नवीन शाळेच्या बोर्डवर नक्की काय लिहिलंय? "सीबीएसई" आहे की "सीबीएसई पॅटर्न"? हसू नका, मी हसण्याच्या पलीकडे गेलेय. आमच्या इथल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही, नाशिकची नाही) मी मुलीला पाचवीत घातलं, बोर्डवर पॅटर्न हा शब्द इतका बारीक होता की स्कूटीवरून दिसायचाच नाही. आठवीपर्यंत सगळं गोड. पुस्तकं एनसीईआरटीची, टाय, बूट, वार्षिक संमेलनात फ्यूजन डान्स. आठवीच्या दिवाळीनंतर पालकांना बोलावून सांगितलं की नववीला बोर्डाचं रजिस्ट्रेशन आमच्या नावावर होणार नाही, दुसऱ्या गावच्या एका शाळेच्या नावावर करू, मुलं इथेच बसतील, काळजी करू नका. मी विचारलं मग दाखल्यावर कोणती शाळा येणार, तर साहेब म्हणाले मॅडम तुम्ही फार खोलात जाता.

काढली तिथून. नववीत स्टेट बोर्डाला आणली तेव्हा तिला इतिहास मराठीत वाचता येईना आणि गणिताचा क्रम वेगळा. ते वर्ष माझ्या वैऱ्यावर पण येऊ नये.

तर शाळेला सरळ अ‍ॅफिलिएशन नंबर (बोर्डाच्या मान्यतेचा) मागा. सीबीएसईच्या साइटवर तो टाकून बघता येतो, महाराष्ट्रातल्या शाळांचे नंबर ११३ पासून सुरू होतात. नंबर न देता "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले तर बसमधून उतरा. आणि यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, पण विचारा, ११ आकडी असतो, तोच नसेल तर ती शाळाच नाही.

मोहदरीकर

ताई आत्ता कामावरून येताना गाडी थांबवून वाचलं. पॅटर्नच लिहिलंय. 😑

शाळामास्तर७६ (१० मार्च, रात्री)

मी झेडपीत शिक्षक, २३ वर्षं झाली, तुमच्या तालुक्यातला नाही. त्यामुळे माझं बोलणं जरा एका बाजूला झुकेल ते धरून चाला.

पहिली गोष्ट, तुम्ही कुणीच नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, बोलला नाहीत. पोरगी हुशार म्हणता तर पाचवीत असताना नवोदयचा फॉर्म भरणारच ना? प्रवेश सहावीला असतो, एका शाळेत ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीणसाठी. आता नीट वाचा. ग्रामीण धरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. सिन्नर नगरपरिषदेचं गाव आहे, तिथे पाचवीला एक दिवस जरी पटावर आली तरी पोरगी शहरी झाली, मग तुमचं घर मळ्यात असू दे नाहीतर डोंगरावर. दरवर्षी चार-पाच पालक रडत येतात माझ्याकडे, गुरुजी दाखला मागे घेता येईल का म्हणून. नाही येत. परीक्षा पण एकदाच देता येते, पुढच्या वर्षी परत बसू असं नाही.

तेव्हा चौथीनंतर काढायची घाई कशाला, सहावीला काढा की. पाचवी गावात करा, नवोदय लागली तर खेडगावला, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या नवोदयला, जाईल, नाही लागली तर सिन्नर कुठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट, बोर्ड, मीडियम हे सगळं नंतर. आधी सहावी ते आठवीला गणित कोण शिकवतं ते विचारा. कायद्याने सहावीच्या पुढे विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक लागतात. पण जुलैत जाऊन बघा बऱ्याच ठिकाणी गणिताच्या तासाला पीटीचे सर बसलेले असतात. आमच्यात पण आहे हे, पट घसरला की पद जातं, मग राहिलेले दोघं-तिघं सात वर्ग ओढतात. तुमच्या शाळेत सातवीपर्यंत पट किती आणि शिक्षक किती ते लिहा मग सांगतो.

मोहदरीकर

सर हे ग्रामीणचं मला माहितच नव्हतं, साष्टांग. आमच्याकडे पहिली ते सातवी मिळून ९६ पोरं आणि चार शिक्षक, मुख्याध्यापक धरून. सहावी-सातवी एकाच खोलीत बसते. पाचवी मात्र आत्ताच्या गुरुजींकडेच राहणार आणि ते खरंच चांगले आहेत, पहाटे स्कॉलरशिपचे जादा तास घेतात, फुकट.

निमाताई (११ मार्च)

खेडगावच्या नवोदयला माझी भाची होती. शिक्षण एक नंबर, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं सरकारी. पण दहा-अकरा वर्षांचं लेकरू होस्टेलला ठेवायचं म्हणजे आईबापाचीच परीक्षा असते. पहिल्या भेटीच्या रविवारी तिने बहिणीला मिठी मारली ती सोडेचना, आणि चौथ्या महिन्यात आम्ही गेलो तर मैत्रिणींच्यात बसली होती, हात हलवून परत खेळायला गेली. बहीण त्या दिवशी जास्त रडली. नववीत एक वर्ष काही मुलांना दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हिंदी पट्ट्यात, तेही माहीत असू द्या. आपल्या अमरावतीची नवोदय देशातल्या अगदी पहिल्या दोनपैकी एक आहे, १९८५-८६ ची, ही फुकटची माहिती.

दत्तू मेकॅनिकल

नवोदय नवोदय करताय पण जिल्ह्यात ८० जागा, किती हजार बसतात माहितेय का. लागेलच असं धरून पोरीचं एक वर्ष त्या झेडपीत कशाला घालवायचं. सातारची सैनिक स्कूल पण आहे, आता मुलींना पण घेतात, तिथे सहावीची परीक्षा ३०० मार्कांची आणि निम्मे मार्क गणिताला. सगळीकडे फॉर्म टाका.

शाळामास्तर७६

@दत्तू "त्या झेडपीत" म्हणजे काय हो? वर्ष घालवायचं म्हणजे काय? पाचवीच्या वर्गात नऊ पोरं आणि एक चांगला शिक्षक, हे लोक शहरात लाख रुपये देऊन शोधतात. असो. फॉर्म टाका याला माझा विरोध नाही, नुसते फॉर्म टाकायला आहे. चार परीक्षा, चार क्लास, आणि पोरगी दहा वर्षांची.

मोहदरीकर (२३ मार्च)

काल रजा टाकली आणि दोन्ही शाळा बघून आलो, पोरीला घेऊनच गेलो. लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आधी इंग्लिश स्कूल. रिसेप्शन एसी, मॅडम गोड. अ‍ॅफिलिएशन नंबर विचारला तर "सर वी आर इन द प्रोसेस". चिंगीच्या आई, तुमची आठवण आली. मग म्हणाल्या जरा बेबीचं इंटरॅक्शन करू. आत नेली, मी काचेतून बघतोय. टीचरने विचारलं एलसीएम काढता येतो का. पोरगी गप्प. दोनदा विचारलं, गप्प. मग बाहेर येऊन मला सांगितलं की बेस वीक आहे, चौथीलाच परत बसवावं लागेल नाहीतर आमचा ब्रिज कोर्स आहे, १२ हजार.

गाडीवर बसल्यावर पोरगी म्हणते पप्पा एलसीएम म्हणजे काय असतं. मी म्हटलं लसावि गं. तर म्हणे अय्यो, ते होय! आणि मोहदरीच्या घाटाकडे बघत बघत १२ आणि १८ चा लसावि ३६ असं गाडीवरच सांगितलं. गुरुजींनी स्कॉलरशिपच्या तासाला शिकवलेला. मला इतकं वाईट वाटलं ना. तिच्यासाठी नाही, म्हणजे तिच्यासाठी पण, पण मला ते ऑडिटवालेच आठवले. मला पण काम सगळं येत होतं की.

मग हायस्कूल. इमारत जुनी, पत्रे. पण मैदान मोठं, आणि खो-खोचे खांब रोवलेले, माती उकरलेली, म्हणजे रोज खेळतात. पोरीने खांबाला हात लावून बघितला, किती घट्ट आहे ते. (भारताने २०२५ ला खो-खोचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमच्या घरी प्रियंका इंगळे म्हणजे देव.) पाचवीच्या तुकडीत ६४ मुलं. चौसष्ट! प्रयोगशाळेला कुलूप होतं, शिपाई म्हणाला चावी सरांकडे आणि सर प्रशिक्षणाला. मुलींचे संडास बायकोने जाऊन बघितले, चार आहेत, दोन चालू, पाणी होतं. गणिताचे सर भेटले, त्यांनी पोरीला काही विचारलं नाही, म्हणाले जूनमध्ये आली की बघू काय येतं ते. तिथे कुणी फी बोललंच नाही, पोषण आहार पण आहे आणि बालभारतीची पुस्तकं फुकट.

गोदाकाठची

तो लसावि वाचून डोळ्यात पाणी आलं हो. आणि ऐका, प्रवेशासाठी मुलाची कसली पण परीक्षा, मुलाखत घेणं आरटीई कायद्यात कलम १३ खाली बंद आहे आठवीपर्यंत, पहिल्या वेळी २५ हजार दंड. इंटरॅक्शन म्हटलं म्हणून ती काही वेगळी होत नाही.

उनाडपप्पू

आणि ब्रिज कोर्स १२ हजार एका शब्दाचे 😂 एलसीएम = लसावि, लाव ट्रान्सलेट, दे पैसे.

परसबाग (२४ मार्च)

सेमीबद्दल कुणीतरी खरं बोला. माझा मुलगा सेमीत सातवीला. पाचवीला फक्त गणित इंग्रजीत होतं ते जमलं, आकडे तेच, न्यूमरेटर डिनॉमिनेटर महिन्याभरात आलं. सहावीला सामान्य विज्ञान इंग्रजीत सुरू झालं तिथे गाडी अडकली. बाष्पीभवन म्हणजे काय विचारलं तर ओल्या कपड्याचं, मडक्याचं सगळं सांगतो, इव्हॅपोरेशन विचारलं की व्याख्या म्हणतो घडाघडा आणि मधला एक शब्द विसरला की पहिल्यापासून सुरू. त्याला वाटायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक घरातली आणि एक पेपरातली. आमच्या टीचरनी वर्गात शिकवायच्या आधी मराठी पुस्तकातला धडा वाचून यायला सांगितलं तेव्हा सुटलं. दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफ आहेत, एक रुपया लागत नाही. सेमी वाईट नाही, पण शाळेत विज्ञानाचा तास मराठीत समजावून इंग्रजीत लिहून घेतात की नुसतं वाचून दाखवतात हे वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहून ऐका.

जर्सीतली सिंधू

विषय सिन्नरचा आहे तरी लुडबूड करते. इथे न्यू जर्सीत आमच्याकडे मिडल स्कूल सहावी ते आठवी आणि सरकारी शाळा घराच्या पत्त्यावर ठरते, म्हणून लोक शाळा बघून घर घेतात आणि मग पंचवीस-तीस वर्षं हप्ते फेडतात. माझ्या मुलाचं सहावीतलं सगळ्यात मोठं टेन्शन काय होतं सांगू? लॉकर. नंबर फिरवून उघडायचं कुलूप त्याला जमेना, तोवर एकच टीचर, एकच खोली, आणि आता दर तासाला वर्ग बदलायचा, सहा शिक्षक, मध्ये चार मिनिटं. अख्खा ऑगस्ट आम्ही घरी कुलूप आणून प्रॅक्टिस केली. मी अभ्यासाचं विचारत होते आणि पोरगं कुलपाने रडवेलं झालं होतं. तेव्हा मुलीला पण विचारा तिला कशाची भीती वाटते, ते आपल्या यादीत नसतंच.

दत्तू मेकॅनिकल

अमेरिका आलीच का शेवटी.

चिंगीची आई

येऊ दे की, मुद्दा बरोबर आहे तिचा.

शाळामास्तर७६

पैशाचं एक राहिलं. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत लागतं. ती सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच आहे, विनाअनुदानित इंग्लिश स्कूलच्या पोरांना बसताच येत नाही. पालकांना हे सातवी-आठवीत कळतं, तेव्हा शाळा बदलायला बघतात. आणि ज्यांची पोरं आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांत फुकट शिकताहेत त्यांनी पण लक्षात ठेवा, ते आठवीपर्यंतच, नववीला पूर्ण फी.

गावाहून सिन्नरला जाणार असेल तर एसटीचा पास मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजना. पण पासाने एसटी येत नाही, वेळापत्रक बघा.

मोहदरीकर (५ एप्रिल)

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावर मी तीन दिवस घालवले. शाळा सुटते पाच वाजता, आमच्या गावाची एसटी ५.३५ ला, ती चुकली की पुढची ६.५० ला आणि ती पण भरवशाची नाही. परवा मुद्दाम स्टँडवर जाऊन उभा राहिलो. ५.३५ ची आली ६.०५ ला, हायस्कूलची मोठी पोरं खिडकीतून दप्तरं टाकून जागा धरतात, लहान पोरी मागे राहतात. दोन पोरी, सहावी-सातवीच्या असतील, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी उभ्या होत्या, त्यांना विचारलं रोज असंच का, तर म्हणे काका आज लवकर आली. थंडीत साडेसहाला अंधार होतो.

सिंधूताईंनी सांगितलं तसं पोरीला पण विचारलं कशाची भीती वाटते. मला वाटलं इंग्रजी म्हणेल. ती म्हणाली तिथे संडासला जायला विचारावं लागतं का आणि सगळ्या वर्गासमोर विचारावं लागतं का. गुरुजींना नुसती करंगळी दाखवली की झालं म्हणे.

तर ठरवलं, पाचवी गावातच. नवोदयचा फॉर्म भरायचा, लागली तर बघू, नाही लागली तर सहावीला सिन्नरचं हायस्कूल, तोवर गावातल्या आणखी चार-पाच पोरी मिळून एक रिक्षा लावता येते का बघतोय. बायको नाराज आहे, शेजारणीने विचारलं तर काय सांगू म्हणते. तिचं पण चुकीचं नाही, रोज तिलाच ऐकावं लागतं. इंग्रजीचं मी रोज रात्री अर्धा तास घेणार, म्हणजे आम्ही दोघं मिळून शिकणार, मला पण येत नाही.

निमाताई

छान ठरवलंत. शेजारणीला म्हणावं आमची खेडगावला जायची आहे, बघा कशी गप्प बसते.

शाळामास्तर७६

पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते हां, नापास झाली तर फेरपरीक्षा आणि त्यातही नाही झाली तर त्याच वर्गात. तुमच्या पोरीला लागणार नाही, पण गावातल्या बाकीच्यांना सांगून ठेवा, अजून लोक ढकलपास धरून चालतात.

मोहदरीकर (१९ जून)

अपडेट देतो म्हणालो होतो म्हणून. शाळा १६ तारखेला सुरू झाली. आणि गुरुजींची बदली झाली. ज्यांच्या भरवशावर ठेवली तेच गेले, पेठ तालुक्यात. निरोप समारंभाला अख्खं गाव होतं, मी पण गेलो, काय बोलणार, त्यांचं पण नोकरी आहे. घरी आलो तर बायको काही म्हणाली नाही, नुसतं ताट वाढलं. ते जास्त लागलं.

त्यांच्या जागी मॅडम आल्यात, नाशिकहून अप-डाऊन करतात, अजून चार दिवसच झालेत त्यामुळे चांगल्या-वाईट काही सांगता येत नाही. पाचवीत शेवटी ११ राहिले. काल पोरीने मॅडमना विचारलं म्हणे की लसावि आणि एलसीएम एकच ना, तर मॅडम म्हणाल्या हो आणि तुला कुणी सांगितलं, तर ही म्हणते एका शाळेने. हायस्कूलच्या खो-खोवाल्या सरांना फोन केला होता, ते म्हणाले गावची असली तरी रविवारी सकाळी पाठवा, आमचा सराव असतो. म्हणजे आता रविवारची पण सुट्टी गेली माझी.

मास्तर, रागावू नका पण आता पहाटेचे जादा तास बंद झालेत. नवोदयच्या बुद्धिमत्ता चाचणीला, ती ४० प्रश्नांची आहे ना, घरी कसं घ्यायचं? आकृत्यांमध्ये मी स्वतःच चुकतोय, काल आरशातली प्रतिमा दोघांची वेगळी आली आणि तिची बरोबर निघाली. कुणाकडे मराठीतले जुने पेपर असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शाळामास्तर७६

रागावतोय कशाला. ४० प्रश्न, ५० मार्क, आणि सगळा पेपर दोन तासांचा. रोज दहाच आकृत्या घ्या, घड्याळ लावू नका दिवाळीपर्यंत. आरसा खरा घ्या हातात. सहा वर्षांचे पेपर व्यनि केलेत, एक सेट मॅडमना पण द्या.